पातेलं धरायला माणूस

माझी बायको धुरानं गेली. असं सांगितलं की लोकांना वाटतं, घराला आग लागली असणार. तसं काही नाही. चाळीस वर्षं ती चुलीपुढं बसली आणि रोजचा धूर रोज थोडा थोडा छातीत घेत राहिली. तालुक्याच्या डॉक्टरनं तिच्या छातीचा फोटो उजेडाला धरला आणि मला विचारलं, बाई विडी ओढतात का. मला राग आला. विडी मी ओढायचो. मला काही झालं नाही, खोकत ती राहिली. डॉक्टर म्हणाला, मग चूल असणार.

मी गवंडी माणूस. शाळा चौथीपर्यंत, पुढं थापी आणि ओळंबा. लोकांच्या स्वयंपाकघरांना मी किती धुराडी काढून दिली ते मला सांगता यायचं नाही. अवघड काही नसतं त्यात, एका दिवसाचं काम. माझ्या घराला मात्र धुराडं नव्हतं. ती दरवर्षी म्हणायची, "अहो, यंदा तेवढं धुराड्याचं बघा." मी दरवर्षी म्हणायचो, दिवाळी झाली की बघतो. मुलाला नोकरी लागली, त्यानं गॅस आणून दिला, तोवर तिची छाती गेली होती.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ इथं आहे. जर्मनीत जाऊन मी आफ्रिकेतल्या बायकांसाठी चूल करत बसलो, म्हणून मला कुणी थोर म्हणू नये. मला एक चूल अशी करायची होती की तिच्यापुढं बसून बाई खोकणार नाही. बाकी काही नाही.

तिचं वर्षश्राद्ध झालं आणि मुलानं मला तीन महिन्यांच्या व्हिसावर हॅनोव्हरला नेलं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिथं फुटबॉलसाठी गल्लीभर झेंडे लागले होते, त्यातला एखादा अजून कुणाच्या गॅलरीत फाटका लोंबत होता. मुलगा यंत्रं करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, सूनबाई संगणकावर काम करते, घर तिसऱ्या मजल्यावर. घरातली चूल काचेची. पेटली की विझली तेसुद्धा कळत नाही. आणि त्या चुलीच्या डोक्यावर धूर ओढून घ्यायला एक पेटी. जिथं धूरच नाही तिथं पेटी. पहिल्या दिवशी मी ती चालू केली आणि तिच्याखाली उभा राहिलो. सूनबाई आतून म्हणाली, "मामा, काही जळतंय का?" मी म्हटलं, काही नाही, बघतोय.

समोरच्या इमारतीला गिलावा चालला होता. दिवसभर मी खिडकीतून त्या लोकांची थापी बघायचो. चांगलं करत होते, पण घाई फार.

नात तिकडची बारावी, आबिटूर म्हणतात ती, देऊन मोकळी झाली होती. तिचा जन्म तिथलाच. मराठी सगळं कळतं, बोलताना निम्म्यात जर्मनवर घसरते, आणि मला अरे-तुरे करते. सूनबाई टोकायची, आजोबांना अहो म्हणावं. मी म्हटलं राहू दे. तिची आजी फोन ठेवल्यावर हसायची आणि म्हणायची, या वयात मला 'तू' म्हणणारं कुणीतरी उरलंय हे बरं आहे.

तर ही पोरगी वर्षभर आफ्रिकेतल्या एका खेड्यात जाणार होती. देशाचं नाव ती सांगायची, माझ्या तोंडात ते नीट बसलं नाही. कॉलेजच्या आधी असं कुठंतरी जाऊन बिनपगारी काम करायची तिकडं पद्धत आहे. गावात पावसाच्या पाण्याच्या टाक्या बांधायच्या, रोपवाटिका करायची, आणि कमी जळणाच्या, बिनधुराच्या चुली करून द्यायच्या. मुलाला पसंत नव्हतं. तो म्हणाला, आपण खेड्यातून इथवर आलो आणि ही उलटी खेड्यात चालली. मी म्हटलं, तू आलास. मी अजून तिथंच आहे.

दर शनिवारी एका चर्चच्या हॉलमागच्या अंगणात या जाणाऱ्या मुलांचा सराव चालायचा. मी घरात तोंड पाडून बसलेलो बघून एका शनिवारी नात म्हणाली, "आजोबा, चल. तिथं माती आहे."

माती होती, पण दुकानातून आणलेली. प्लास्टिकच्या गोणीत, वर नाव छापलेली. मी नातीला म्हटलं, विचार त्यांना, या देशात जमिनीखाली माती नसते का. ते सगळं चालवणारा माणूस एक निवृत्त शिक्षक होता, उंच, वाकून बोलणारा. मी त्यांना मनात मास्तर म्हणायचो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं की ही माती चाळलेली आहे. पाच-सहा पोरंपोरी रबरी हातमोजे घालून त्या मातीत मापाच्या भांड्यानं पाणी घालत होती, आणि तास झाला तरी गोळा होत नव्हता.

मी बूट काढले, मोजे काढले, पायजमा वर खोचला आणि मातीत उतरलो. तुडवता तुडवता नातीला सांगत गेलो, ती त्यांना सांगत गेली. माती आदल्या दिवशी भिजवून ठेवायची. त्याच दिवशी भिजवलेल्या मातीच्या चुलीला तडे जातात. गव्हाचं काड बारीक तोडून घालायचं, शेण घालायचं, थोडी चाळलेली राख. हे मला धंद्यातून माहीत नव्हतं, धंद्यात मी सिमेंटवाला. हे माझी बायको करायची. मी जाता-येता बघितलेलं.

शेण कुठं मिळेना. मग नातीनं घोडे शिकवायच्या एका तबेल्यातून बादलीभर लीद आणली, एस-बानमधून, म्हणजे तिथल्या लोकल गाडीतून. तिच्या आजूबाजूच्या जागा रिकाम्या होत गेल्या म्हणाली, आरामात बसून आले.

मास्तर वही घेऊन माझ्या मागं. किती माती, किती लीद, किती काड. मी म्हटलं, हाताला कळतं. मास्तर म्हणाले, गेनाऊ किती. गेनाऊ म्हणजे नेमकं, त्या लोकांचा फार आवडता शब्द. मी मूठ दाखवली. त्यांनी आतून काटा आणून माझी मूठभर लीद वजन करून घेतली आणि वहीत लिहिली. माणूस वाईट नव्हता. कामाला खरा होता.

मास्तरांकडं चुलीचा कागद होता, मापं घातलेला. त्या कागदाप्रमाणं आणि माझ्या हातानं तीन शनिवारांत चूल उभी राहिली. पत्र्याच्या नळीचं धुराडं मी ओळंब्यात बसवलं. मुलं म्हणाली, एवढं सरळ कशाला. मी म्हटलं, वाकडं कशाला. सारवून अशी गुळगुळीत केली की नातीनं गालाला हात लावावा तसा तिला हात लावून बघितला.

पेटवायच्या दिवशी मी दूध मागवलं. नव्या चुलीवर आधी दूध उतू घालायचं, एवढं मला ठाऊक होतं. दूध वर यायला लागलं तसे मास्तर धावले. मी हात आडवा घातला. दूध नव्या चुलीवरून ओघळत खाली आलं आणि मास्तर ते असं बघत उभे राहिले की जणू त्यांचंच काही सांडतंय. मग त्यांनी घड्याळ लावून पाणी तापवलं. चार काटक्यांत पाणी उकळलं, धूर सगळा नळीतून वर. शेजारच्या एका बाईनं आम्ही जाळ करतोय बघून खिडक्या लावून घेतल्या होत्या, तिनं खिडकी उघडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मनात बायकोला म्हटलं, बघ, झाली एकदाची.

जुलैत, नात जाणार होती त्या गावच्या बायकांच्या गटाची प्रमुख बाई दोन आठवडे पाहुणी म्हणून आली. आमच्याकडं बचत गटाच्या अध्यक्षीणबाई असतात तशी. पन्नाशीची, अंगानं भरलेली, फुलाफुलांच्या कापडावर कुणाचंतरी पावसाळी जॅकेट चढवलेलं, कारण तिला जुलैत थंडी वाजत होती. तिला इंग्रजी येत होतं. ती बोलायची, नात मला मराठीत सांगायची.

तिला चूल दाखवायला नेलं. तिनं चुलीभोवती एक फेरी मारली, वाकून आत बघितलं, नळीला टिचकी मारली. मग जॅकेट काढून ठेवलं आणि मक्याचं पीठ मागितलं. तिच्या गावाचं रोजचं जेवण म्हणजे त्या पिठाचा घट्ट गोळा. पाण्याला उकळी आली, तिनं मुठीनं पीठ सोडलं आणि लाकडी दांड्यानं घाटायला लागली.

पीठ घट्ट होत गेलं तसा तिनं दांडा दोन्ही हातांनी धरला. पातेलं फिरायला लागलं. तिनं कोपरानं ते दाबून बघितलं. पातेलं चुलीवर डुलायला लागलं, आणि ज्या तीन उंचवट्यांवर ते टेकलं होतं त्यातला एक तुटून विस्तवात पडला. तिनं फडक्यानं पातेलं उतरवलं, खाली बसली, पातेलं दोन पायांत पकडलं आणि तिथं घाटायला लागली. चूल शेजारी जळत राहिली. रिकामी. धूर जराही नाही.

 मी तिच्या पायांकडंच बघत होतो, कारण ते बसणं मी चाळीस वर्षं बघितलं होतं.

उन्हाळ्यात आमच्याकडं कुरडया करतात. गव्हाचा चीक शिजवायचा असतो, आणि तो असा चिवट की दोन्ही हातांनी घाटावा लागतो. पातेलं धरायला दुसरं माणूस लागतं. ती म्हणायची, "अहो, जरा पातेलं धरा." मी दारात विडी ओढत बसलेलो असायचो. म्हणायचो, बायकांचं काम, शेजारणीला बोलव. शेजारीण प्रत्येक वेळी कुठली यायला. मग ती पातेलं खाली घ्यायची, पायांना ओलं फडकं गुंडाळायची आणि पायांत धरून घाटायची. मला वाटायचं तिची तशी सवय आहे. तिच्या पायांवर आतल्या बाजूनं भाजल्याचे काळे डाग होते. ते कशाचे, हे मी कधी विचारलं नाही. त्या अंगणात, त्या परक्या बाईचे पाय बघताना मला ते कळलं.

घाटता घाटता बाईनं विचारलं, ही चूल कुणी केली. नातीनं माझ्याकडं हात केला.

"चांगली आहे," बाई म्हणाली. "पाणी तापवायला."

पोरं हसली. मास्तर पुढं होऊन कागदाचं काहीतरी समजावायला लागले, तिनं दांडा वर करून त्यांना थांबवलं. मग माझ्याकडं बघत काहीतरी बोलली. 

मी म्हटलं, "सांग की काय म्हणाली ते."

नात खाली बघून म्हणाली, "ती विचारते, बांधायच्या आधी तू कुठल्या बाईला विचारलं होतंस? घरी बायको असेल. तिला विचारायचं."

"सांग तिला, बायको मेली. चुलीच्या धुरानं मेली. आणि जिवंत होती तेव्हाही मी विचारलं नाही."

नातीला हे माहीत नव्हतं. तिला आम्ही दमा सांगितला होता. ती माझ्याकडं बघत राहिली, मग तिनं बाईला सांगितलं. मी जेवढं बोललो त्यापेक्षा तिला जास्त वेळ लागला.

बाईचा दांडा थांबला. मला वाटलं, आता ही देवाचं काहीतरी बोलेल. लोक बोलतात. मला ते ऐकायचं नव्हतं. ती म्हणाली, "मग आता मला विचार."

चूल मी स्वतः फोडली. मुलांना वाईट वाटलं. मी म्हटलं, माती कुठं जात नाही. त्याच संध्याकाळी ती परत भिजत घातली, आणि पुढचा आठवडाभर रोज नातीबरोबर तिथं गेलो. बाई माझ्याशेजारी एका उलट्या खोक्यावर बसायची आणि मी विचारायचो. पातेलं किती खाली गेलं पाहिजे. ती हात लावून दाखवायची, इथपर्यंत, पातेल्याच्या खांद्यापर्यंत. म्हणजे पातेलं चुलीवर ठेवायचंच नाही, चुलीत बसवायचं, मुलाला मांडीत घेतो तसं. पुढं पाय टेकायला रुंद कट्टा पाहिजे. बसून घाटताना जोर पायातून येतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगू दिलं नव्हतं म्हणा. पातेलं खाली गेल्यावर धुराची आतली वाट बुजली, ती दोनदा काढून तिसऱ्यांदा जमली.

मास्तर मोजपट्टी घेऊन उभे. कट्टा किती सेंटिमीटर. बाईनं आपली वीत कट्ट्यावर टाकली, दीड वीत. मास्तर म्हणाले, वीत प्रत्येकीची वेगळी. ती म्हणाली, बाईपण वेगळी, पातेलंपण वेगळं. मास्तरांनी मोजपट्टी गुंडाळली. मग "आल्झो" म्हणाले, म्हणजे आपण 'बरं तर' म्हणतो तसं, आणि आपला मापांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. नंतर मला म्हणाले की ते त्या गावाला दोनदा जाऊन आलेत, तो पिठाचा गोळा दोन्ही वेळा पोटभर खाल्लाय, पण शिजताना बघितला नाही. पुरुष बाहेर बसतात, तेही बाहेर बसले. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही दोनदा. मी चाळीस वर्षं.

शेवटच्या शनिवारी चूल पेटवली. दूध उतू घातलं. या खेपेला मास्तर हलले नाहीत, हात मागं बांधून बघत राहिले. मग बाईनं पाणी ठेवलं, पीठ सोडलं, दांडा हातात घेतला. मी शेजारी बसलो होतो. पीठ आवळत आलं, तिनं दोन्ही हात दांड्यावर घेतले, आणि काय झालं कुणास ठाऊक, मी पलीकडचं ओलं फडकं उचललं आणि पातेलं धरायला हात पुढं केला. जन्मात पहिल्यांदा.

तिनं कोपरानं माझा हात बाजूला सारला आणि काहीतरी म्हणाली.

नात म्हणाली, "आजोबा, ती म्हणते, धरू नको. आता धरायला माणूस लागत नाही."

पातेलं हललं नाही. ती पाय कट्ट्याला लावून घाटत राहिली, चांगली जोरात. मी पातेल्याकडं बघणं सोडून तिच्या तोंडाकडं बघत होतो. डोळ्यांत पाणी येतंय का. खोकते का. पीठ शिजून गोळा झाला, तिनं तो ताटात पालथा केला, हात धुतले, तरी मी वाट बघत होतो. ती खोकली नाही.

मी उठलो आणि मागच्या नळावर जाऊन पाय धुतले. बराच वेळ धुतले. नात आली आणि नळ बंद करून माझ्याशेजारी उभी राहिली. मग तो गोळा सगळ्यांनी खाल्ला. त्यात मीठ नसतं. सूनबाईनं आंब्याचं लोणचं दिलं होतं, त्याच्याबरोबर गेला. बाईनं लोणच्याची बाटली आपल्या पिशवीत टाकली, विचारलंसुद्धा नाही.

नात ऑगस्टमध्ये गेली. विमानतळावर मुलानं तिला औषधांची पिशवी दिली, सूनबाईनं खाण्याची. मी एक दोरी दिली. म्हटलं, चूल करायच्या आधी प्रत्येक बाईची वीत या दोरीवर घ्यायची आणि गाठ मारायची. कागदावर लिहू नकोस, कागद भिजतो.

माझं परतीचं विमान चार दिवसांवर आलं होतं तेव्हा तिचा फोन आला. मधेच आवाज जायचा. मुलानं, सूनबाईनं विचारून घेतलं, पाणी उकळून पितेस ना, मच्छरदाणी आहे ना. मग फोन माझ्याकडं दिला. मला एकच विचारायचं होतं.

"बायका खोकतात का गं तिथं?"

"ज्यांच्या चुली झाल्या त्या नाही. एक म्हातारी खूप खोकते, आजोबा."

"तिची चूल?"

"उद्या करणार."

"तिला विचारलंस?"

"जा, जा. गेनाऊ विचारलं. दोरीला गाठ पण मारली."

तिकडचं 'जा' म्हणजे हो, हे मला तोवर सवयीचं झालं होतं. सूनबाई हातानं खुणावत होती, फोन द्या, तिला अजून काही विचारायचं होतं. मी दिला नाही.

"मग फोनवर काय बसलीस," मी म्हटलं. "ऊठ. माती आज भिजवायला लागते."